संगणक-स्थलांतर आणि पाठनिष्ठा : हिंगोली परिसराच्या संदर्भात काही विचार

१

जुन्या संगणकावरील संशोधनसाहित्य नव्या संगणकावर नेणे हे काम आपल्या विभागांतून सामान्यतः लिपिकाचे किंवा तंत्रज्ञाचे मानले जाते. साहित्याचा कर्ता जो संशोधक, तो ह्या प्रसंगी बहुधा उपस्थितही नसतो. फाइली मोजल्या, त्या पेन ड्राइव्हवर घेतल्या, नव्या यंत्रावर उतरविल्या आणि आकडा जुळला, की काम पुरे झाले असे समजण्यात येते. प्रस्तुत निबंधात ह्या समजुतीची परीक्षा करावयाची आहे. मराठी मजकुराच्या बाबतीत हे स्थलांतर म्हणजे एका प्रतीवरून दुसरी प्रत सिद्ध करणे होय, आणि म्हणून हस्तलिखितांच्या प्रतींना जे पाठचिकित्सेचे नियम आपण लावतो तेच त्यालाही लावले पाहिजेत, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

हा विषय आजच घेण्यास एक निमित्तही आहे. विंडोज १० ह्या प्रणालीला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. महाविद्यालयांतील पुष्कळसे जुने संगणक नव्या प्रणालीच्या अटी पूर्ण करू शकत नाहीत. ते बदलावे लागत आहेत, व पुढेही लागतील. ह्या संगणकांवर केवळ पत्रव्यवहार नाही. एम. फिल. व पीएच. डी.चे प्रबंध, बोलींच्या क्षेत्रपाहणीतील शब्दसूची, लोकगीतांची संकलने, संतवाङ्मयावरील टिपणे असा गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा संचय त्यांवर आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणजे जिल्ह्याचे स्वतंत्र आयुष्य आणि येथील संशोधनाचे संगणकीय आयुष्य ही जवळजवळ समवयस्क आहेत. ह्या परिसराविषयी ह्या काळात जे लिहिले गेले त्याचा फार मोठा भाग प्रथम संगणकावरच उतरला; त्याची हस्तलिखिते बहुधा उरलेलीच नाहीत.

विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ मध्ये आली तेव्हा तिच्यात स्थलांतरासाठी जे साधन दिले होते त्याच्या नावात 'फाइली' आणि 'सेटिंग्ज' असे दोन शब्द होते. फाइल म्हणजे मजकूर आणि सेटिंग म्हणजे तो मजकूर वापरण्याची, वाचण्याची व्यवस्था, असा भेद त्या नावात गृहीत धरलेला आहे. सेटिंग हरवली तर गैरसोय होईल, परंतु मजकूर शाबूत राहील, हे त्यामागचे अनुमान. रोमन लिपीतील इंग्रजी मजकुरापुरते हे अनुमान बव्हंशी खरे ठरते. मराठीच्या बाबतीत ते टिकत नाही. कसे, ते पाहू.

२

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे मानकही निश्चित केले. विंडोजमध्ये देवनागरीची युनिकोड-व्यवस्था विंडोज २००० पासून आली. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात, विशेषतः डीटीपीच्या दुकानांतून, त्यानंतरही दीर्घकाळ निराळीच पद्धत रूढ होती. तिच्यात संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमनच असे. ज्या संकेतांकाला रोमन अक्षर नेमलेले, त्या जागी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षराचे किंवा अक्षराच्या तुकड्याचे चित्र बसविलेले असे. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, तसेच सी-डॅकच्या संचातील योगेश अशा फॉन्टांची नावे त्या काळातील प्रत्येक संशोधकाच्या परिचयाची आहेत. ह्यांतील प्रत्येकाची बैठक वेगळी. एका फॉन्टात ज्या जागी 'क' असेल त्याच जागी दुसऱ्यात वेलांटी असू शकेल.

ह्याचा अर्थ असा, की अशा फाइलीत मराठी मजकूर साठविलेलाच नसतो. साठविलेले असतात केवळ संकेतांक; त्यांना मराठीपण येते ते फॉन्टमुळे. फॉन्ट ही तर सेटिंगची गोष्ट, आणि ती यंत्रावर असते, फाइलीत नसते. फाइल नव्या संगणकावर बिनचूक उतरली आणि फॉन्ट मागे राहिला, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा व विरामचिन्हांचा अर्थहीन ढीग दिसतो. अशा वेळी फाइल बिघडली असे आपण म्हणतो. वस्तुतः तिच्यातील एकही संकेतांक बदललेला नसतो. नक्कल निर्दोष असूनही पाठ नष्ट झालेला असतो. हस्तलिखितांच्या क्षेत्रात असा प्रकार संभवत नाही असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु त्याचेही एक उदाहरण पुढे द्यावयाचे आहे.

येथील परिस्थितीची आणखी एक बाजू लक्षात घेतली पाहिजे. प्रबंधाचे टंकलेखन संशोधक स्वतः क्वचितच करीत असे. तो हस्तलिखित घेऊन हिंगोलीच्या, वसमतच्या किंवा नांदेडच्या दुकानात जाई. फॉन्ट दुकानदाराचा, संगणक दुकानदाराचा. संशोधकाच्या हाती येई ती छापील प्रत आणि एक फ्लॉपी किंवा चकती. काही फॉन्टसंचांना चोरीपासून संरक्षण म्हणून संगणकाच्या मागील बाजूस एक कुलूपयंत्र जोडावे लागे. ते ज्या खोबणीत बसे ती खोबणीच नव्या संगणकांना नाही. दुकान बंद झाले, कुलूपयंत्र हरवले, आणि संशोधकाच्या कपाटात स्वतःच्या प्रबंधाची स्वतःलाच न वाचता येणारी प्रत उरली, अशी ही अवस्था आहे.

३

ह्यावर उपाय म्हणून परिवर्तक वापरतात. जुन्या फॉन्टातील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी ही साधने उपयुक्त आहेत, आणि त्यांच्या कर्त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु परिवर्तक हा एक प्रकारचा लेखनिक आहे, आणि प्रत्येक लेखनिकाप्रमाणे त्याचे ठरावीक प्रमाद आहेत, ही जाणीव आपल्याकडे दिसत नाही.

पहिला प्रमाद क्रमाचा. जुन्या फॉन्टांत मजकूर डोळ्याला दिसतो त्या क्रमाने साठविला जाई: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा आहे: वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा 'र' आधी. परिवर्तकाला म्हणून प्रत्येक ठिकाणी चिन्हे उचलून हलवावी लागतात. साध्या अक्षरात हे सुरळीत होते. जोडाक्षरात वेलांटी कोणत्या व्यंजनापाशी थांबवावी ह्याचा निर्णय चुकू शकतो.

दुसरा प्रमाद भाषेच्या अज्ञानाचा. मराठीत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन वेगळे शब्द आहेत. एक विद्वानांविषयी, दुसरा स्वयंपाक्यांविषयी. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरांतल्या. हा भेद ज्या चिन्हाने दर्शविला जातो ते हिंदीत लागत नाही. हिंदीच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून केलेला परिवर्तक त्याला रफार समजेल किंवा गाळून टाकील. परिणामी जो शब्द उरतो तो अर्थहीन नसतो, तो दुसराच पण खरा शब्द असतो. म्हणून वाचकाच्या नजरेस चूक येत नाही. पाठचिकित्सक जाणतात की अर्थशून्य अपपाठापेक्षा अर्थपूर्ण अपपाठ अधिक घातक.

तिसरा प्रमाद संशोधकांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. बोलीचा अभ्यासक प्रमाण लेखनातील चिन्हांवर भागवू शकत नाही. 'चार' ही संख्या आणि 'चारणे' ह्या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप 'चार' ह्यांत पहिला च तालव्य, दुसरा दंततालव्य. लेखनात भेद नाही, उच्चारात आहे. तो दाखविण्यासाठी अक्षराखाली नुक्ता देण्याची पद्धत आहे. जुन्या फॉन्टात नुक्ता नसेल तर टंकलेखक एखादे मोकळे चिन्ह वापरून गरज भागवी, आणि कोणते चिन्ह कशासाठी ही किल्ली संशोधकाच्या वहीत किंवा केवळ स्मरणात असे. परिवर्तकाला ही खाजगी व्यवस्था ठाऊक असण्याचे कारण नाही. तो ती चिन्हे कचरा समजून काढतो. शब्दसूची देखणी होते, आणि जे टिपण्यासाठी ती केली तेवढेच तिच्यातून जाते.

ह्यात आणखी भर अशी, की प्रबंधात अधूनमधून इंग्रजी शब्द असतात. कोणता तुकडा मराठी व कोणता इंग्रजी, हे जुन्या फाइलीत केवळ फॉन्टच्या नावावरून कळते. मजकूर साध्या रूपात चिकटविला की ती खूण पुसली जाते आणि परिवर्तक इंग्रजी शब्दांचेही देवनागरीकरण करून टाकतो.

४

युनिकोड आल्यावर हा प्रश्न संपला, असे काही विद्यार्थी मानतात. तो पुष्कळ सौम्य झाला हे खरे. संपला असे म्हणता येत नाही. युनिकोडमध्येही एकच दृश्य रूप अनेक प्रकारे साठविता येते. 'ऱ्या'मधील चिन्ह दोन रीतींनी लिहिता येते. 'ॲ' ह्या स्वराला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला. त्यापूर्वीच्या लेखनात 'अ'वर चंद्र दिलेला आढळतो किंवा 'ऍ' वापरलेला आढळतो. वाचणाऱ्याला हे सर्व एकच. शोध घेणाऱ्या यंत्राला ते भिन्न शब्द. दहा वर्षांच्या संकलनात एखादा शब्द किती वेळा आला हे मोजू जाणाऱ्या संशोधकाला चुकीचा आकडा मिळेल आणि तो चुकीचा आहे असे त्याला कळणारही नाही.

वर्णक्रमाचेही तसेच. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे वर्ण अखेरीस येतात. युनिकोडच्या संकेतांकक्रमात ळ हा ल आणि व ह्यांच्यामध्ये आहे, आणि क्ष हा स्वतंत्र वर्ण नसून क, हलन्तचिन्ह व ष ह्यांचा संयोग असल्यामुळे कच्या पोटात जातो. संगणकाला भाषा मराठी आहे असे सांगितलेले असेल तर त्याने मराठी क्रम पाळावा अशी व्यवस्था आहे. पण ती एक सेटिंग आहे, आणि नव्या संगणकावर ती आपोआप येईलच असे नाही. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी देठयुक्त श व पाकळीयुक्त ल मान्य केले. काही फॉन्टांत ही रूपे भाषेची सेटिंग मराठी असल्यासच उमटतात, एरवी हिंदीतील रूपे उमटतात. भाषेचे नाव ही बाब येथे मजकुराचाच घटक झाली आहे.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे संशोधकाचा वैयक्तिक शब्दकोश. मराठवाड्याच्या बोलीत 'तो काय करायलाय?', 'ती गावाला जायलीय' अशी चालू काळाची रूपे सर्रास आढळतात. शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली त्यांखाली लाल रेघ ओढते. क्षेत्रपाहणी करणारा अभ्यासक ती रूपे एकेक करून स्वतःच्या शब्दकोशात घालतो. काही वर्षांनी ह्या शब्दकोशात बोलीची एक लहानशी पण अस्सल रूपावली जमा होते. ती फाइल दस्तऐवजांच्या कप्प्यात नसते. वापरकर्त्याच्या सेटिंग्जच्या एका आडबाजूच्या कप्प्यात असते, आणि म्हणून 'सर्व फाइली घेतल्या' असे म्हणणाऱ्याकडून हमखास मागे राहते. नव्या संगणकावर त्याच रूपांखाली पुन्हा लाल रेघ येते. ह्या वेळी समोर मूळ संशोधक नसेल, संपादनास बसलेला दुसराच कोणी असेल, तर तो 'करायलाय' काढून 'करत आहे' लिहील आणि आपण शुद्धलेखन सुधारले असे समाधान मानील. बोलीच्या पुराव्याचा नाश अशा सद्हेतूनेच होत असतो.

५

ह्या प्रश्नाला आपल्या परिसरातच पूर्वोदाहरणे आहेत. त्यांतील एक अपयशाचे व एक यशाचे आहे, आणि दोन्ही बोधप्रद आहेत.

अपयशाचे उदाहरण मोडीचे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू असली तरी मराठीतला खाजगी व व्यापारी व्यवहार मोडीत चाले. पुढे मोडी शिक्षणातून गेली. कागद जागच्या जागी राहिले. ते वाचण्याची रीत मात्र पुढच्या पिढीकडे आली नाही. फाइल आहे पण फॉन्ट नाही, ह्या आजच्या अवस्थेचे हे पूर्वरूप. शिवाय मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नाही. 'दिन' की 'दीन', 'सुत' की 'सूत', हे बाळबोधीत उतरविणाऱ्याला संदर्भावरून ठरवावे लागते. म्हणजे लिप्यंतर करणारा केवळ नक्कल करीत नाही, तो अर्थनिर्णय करीत असतो. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ मध्ये स्थान मिळाले, परंतु संकेतांक मिळाल्याने वाचक मिळत नाहीत.

यशाचे उदाहरण नामदेवांच्या पदांचे. कयाधूकाठचे नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण येथील मुद्द्याला त्यांची बाधा नाही. नामदेवांच्या नावावरील रचना दोन मार्गांनी पुढे आल्या. एक मार्ग महाराष्ट्रातील गाथांचा. ह्या मार्गात अभंगांची संख्या प्रत्येक छापील गाथेत वेगळी आढळते. विष्णुदास नामा ह्या उत्तरकालीन कवीच्या रचना त्यांत मिसळल्या. जनाबाईंचे अभंगही नामदेवगाथेच्याच आश्रयाने आले. महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये गाथा प्रसिद्ध केली, तरी कोणते अभंग कोणाचे हा वाद मिटलेला नाही. दुसरा मार्ग पंजाबचा. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथाचे संकलन केले आणि भाई गुरदासांनी ते लिहून काढले. त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. ती ६१ होती, ६१ आहेत.

हा फरक श्रद्धेतील अधिक-उणेपणाने स्पष्ट होत नाही. भक्ती दोन्हीकडे होती. फरक लेखनव्यवस्थेचा आहे. आदिग्रंथात प्रत्येक पद विशिष्ट रागाखाली, विशिष्ट कर्त्याच्या नावाखाली लावलेले असते आणि पदाच्या अखेरीस कडव्यांचा व पदांचा चढता आकडा दिलेला असतो. एखादे पद कोणी मध्ये घातले किंवा गाळले तर पुढची बेरीज चुकते आणि फेरफार उघडा पडतो. आज फाइलीची नक्कल अभंग उतरली की नाही हे पाहण्यासाठी तिच्या सर्व संकेतांकांवरून एक ताळा काढतात. त्याच्याशी ह्या आकड्यांचे कार्य तंतोतंत जुळते. दुसरी गोष्ट अशी, की त्या लेखनात शब्दांच्या अंती जे ऱ्हस्व इकार-उकार येतात ते बहुधा उच्चारले जात नाहीत, परंतु विभक्ती व लिंग-वचन दर्शवितात. अनावश्यक म्हणून कोणी ते गाळले असते तर व्याकरणच गळाले असते. त्या परंपरेने मजकूर आणि मजकुराची व्यवस्था अशी दोन्ही एकत्र सांभाळली. ह्या उलट गाथांच्या परंपरेत अभंग आले, त्यांच्या आगमनाचा हिशेब आला नाही.

६

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की प्रबंधाची छापील प्रत ग्रंथालयात आहे. संगणकातील प्रत गेली तर बिघडले काय? ह्याचे उत्तर असे, की छापील प्रत वाचता येते, शोधता येत नाही. तिच्यातील शब्दसूची दुसऱ्या सूचीशी ताडून पाहता येत नाही. शिवाय प्रबंधात छापले गेले ते संकलनाचा निवडक अंश होय. न छापलेली क्षेत्रटिपणे त्या संगणकावरच असतात. पीडीएफविषयीही हेच. जुन्या फॉन्टातून केलेली पीडीएफ डोळ्याला मराठी दिसते. तिच्यातून एक ओळ उचलून पाहिली की आतले रोमन संकेतांक बाहेर येतात.

दुसरा आक्षेप असा, की आता सर्व साहित्य दूरस्थ साठ्यात ठेवता येते, त्यामुळे यंत्र बदलले तरी हरकत नाही. दूरस्थ साठा फाइलीचे अग्नीपासून आणि वाळवीपासून रक्षण करील. अवाच्य फाइलीला तो वाच्य करणार नाही. ती तेथे अवाच्य अवस्थेतच सुरक्षित राहील.

७

वरील विवेचनावरून काही कार्यनियम निष्पन्न होतात. जुना संगणक चालू आहे तोवरच त्यावर प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची फॉन्टसह पीडीएफ करून ठेवावी. पुढील सर्व वादांत दृश्य पाठाची साक्ष म्हणून ती उपयोगी पडेल. मूळ फाइल जशीच्या तशी जपावी व परिवर्तन तिच्या नकलेवर करावे. प्रत्येक फाइलीचा ताळा आधी काढून नंतर पडताळावा, आणि शब्दसूचीतील नोंदींची संख्या दोन्हीकडे मोजावी. नक्कल करताना फाइलीच्या निर्मितीची तारीख नव्या प्रतीवर बदलते. पोथीची पुष्पिका गळण्यासारखाच हा प्रकार असल्यामुळे मूळ तारखांची यादी आधीच करून ठेवावी. फॉन्ट, कळफलकाची रचना, वैयक्तिक शब्दकोश, खाजगी चिन्हांची किल्ली आणि वापरलेल्या परिवर्तकाचे नाव व आवृत्ती ह्यांची एक साधी टीप प्रत्येक संचासोबत असावी. परिवर्तित पाठ दोघांनी मिळून वाचावा, एकाने पीडीएफवरून मोठ्याने आणि दुसऱ्याने नव्या प्रतीवर डोळा ठेवून. 'आचाऱ्यांना', 'दऱ्या', नुक्ता दिलेला च, जोडाक्षरावरील वेलांटी अशा पंचवीस-तीस कसोटीच्या शब्दांची यादी करून ती प्रथम तपासली तर परिवर्तकाची जात चटकन ओळखता येते.

ह्यांतील एकाही कामाला मोठा खर्च नाही. लागतो तो वेळ, आणि हे काम आपले आहे ही मान्यता. पाठचिकित्सेच्या अभ्यासपत्रिकेत आपण विद्यार्थ्यांना ज्ञानेश्वरीच्या प्रतींची वंशावळ समजावून सांगतो. त्याच विद्यार्थ्याला आपल्याच विभागातील एका प्रबंधाची जुनी फाइल, तिची पीडीएफ आणि परिवर्तित प्रत अशा तीन प्रती देऊन त्यांतील पाठभेद नोंदविण्यास सांगितले, तर त्याचा अभ्यासही होईल आणि एक प्रबंधही वाचेल. ज्यांनी हे साहित्य जमविले ते अभ्यासक आज बहुतांशी हयात व संपर्कात आहेत, आणि त्यांच्या खाजगी चिन्हांची किल्ली त्यांना अद्याप आठवते. ती त्यांच्याकडून लिहून घेण्याचे काम जुने संगणक भंगारात जाण्याआधीच झाले पाहिजे.